आज आलेल्या आवाजांची क्वायर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावातल्या चर्चची युवा क्वायर (गायकवृंद) अचानक तुमच्यावर येऊन पडली आहे. बारा ते वीस वयाची मुलं-मुली, सगळी स्वखुशीने येणारी. एका रविवारी चौदा जण, पुढच्या रविवारी पाच. मुलगे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. पेटी वाजवणारं हक्काचं माणूस नाही. ज्येष्ठांची कुरकुर आहे की ‘या मुलांची गाणी आम्हाला म्हणताच येत नाहीत’. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, शिस्त कशी लावू?

शिस्तीचं नंतर बघू. मी ज्येष्ठांच्या तक्रारीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या बाकीच्या बहुतेक अडचणी तिथेच येऊन मिळतात. चर्चमधली क्वायर मंडळीला, म्हणजे उपासनेला जमलेल्या सगळ्यांना, गायला लावण्यासाठी असते. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ च्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात क्वायर जोपासायला सांगितलं, आणि त्याच वाक्यात बजावलं की गायनात सगळ्या भाविकांचा सहभाग राहिला पाहिजे. प्रॉटेस्टंट परंपरा तर मंडळीच्या गाण्यावरच उभी आहे. हे एकदा मनाशी पक्कं केलंत की कोणतं गाणं घ्यायचं, कोणत्या पट्टीत घ्यायचं, पाचच जण आले तर काय करायचं, माइक कुणाच्या हातात द्यायचा, या सगळ्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

‘म्हणता येत नाही’ याचा अर्थ ज्येष्ठांना नवीन काही नकोच असतं, असं समजू नका. बहुतेक वेळा पट्टी चुकलेली असते. गाणं मोबाइलवर ऐकून बसवलं जातं आणि गायकाने ज्या पट्टीत रेकॉर्ड केलं त्याच पट्टीत ते चर्चमध्ये येतं. तो गायक बरेचदा उंच आवाजाचा पुरुष असतो. त्याच्या आवाजाला शोभणारी पट्टी बायकांनी त्याच सुरात धरली तर खर्जात जाते, वरच्या सप्तकात धरली तर किंचाळावं लागतं. मग त्या गप्प बसतात. पुरुषांनाही त्याच्याइतकं वर जाता येत नाही, तेही गप्प बसतात. क्वायर एकटी गात राहते आणि दोष गाण्याला लागतो.

मिश्र मंडळीसाठी मी एक मोजमाप धरते. बायका-मुलांच्या हिशेबाने पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (कीबोर्डवरचा C) वरच्या सप्तकातल्या पांढरी एकपर्यंत सगळे आरामात गातात. अडलंच तर वर पांढरी दोन, खाली मंद्रातली पांढरी सहा. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात. गाणं हाती आलं की आधी त्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा. तो पांढरी दोनच्या वर जात असेल तर सगळं गाणं उतरवा, मग मूळ रेकॉर्डिंग कितीही गाजलेलं असो. सकाळी लवकर उपासना असेल तर आणखी अर्धा सूर खाली घ्या. गळे अजून उघडलेले नसतात. कीबोर्डवर पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण असतं. गिटार असेल तर खालच्या पट्टीतले सोपे कॉर्ड धरून कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून हवी ती पट्टी गाठता येते. काही गाण्यांचा पल्लाच दीड सप्तकाचा असतो. ती एकट्या गायकासाठी बांधलेली असतात. कुठेही उतरवली तरी मंडळीला झेपत नाहीत. ती सोडून द्या.

आता तुमचे पुटपुटणारे मुलगे. त्यांना आळशी म्हणण्याआधी त्यांच्या गळ्यात काय चाललंय ते बघा. साधारण बारा ते पंधरा वयात मुलाचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. कुणाचं हे काही महिन्यांत उरकतं, कुणाचं दीड-दोन वर्षं चालतं. मधल्या काळात काल लागलेला सूर आज लागत नाही, मध्येच आवाज फाटतो, आणि ते सगळ्यांसमोर होतं. पूर्वी अशा मुलांना ‘आवाज फुटलाय, आता दोन वर्षं गाऊ नकोस’ असं सांगायची पद्धत होती. १९७० च्या दशकात अमेरिकेतले संगीतशिक्षक जॉन कुक्सी यांनी या बदलाचे टप्पे नीट मांडले. बेताने, त्या-त्या टप्प्यात जे सूर आरामात लागतात तेवढ्यातच गायला दिलं तर मुलगा या काळातही गाऊ शकतो, हे आता युवा क्वायर घेणारे बहुतेक जण मानतात. शिवाय गावात अशा मुलाला ‘दोन वर्षांनी ये’ म्हटलं तर तो दोन वर्षांनी येत नाही.

मी काय करते ते सांगते. नवीन मुलाला बाजूला, पण सगळ्यांच्या नजरेत राहील असं घेऊन वीसपासून उलटे आकडे मोजायला सांगते, सहज बोलल्यासारखे. चौदा-तेरापर्यंत येताना त्याचा बोलण्याचा सूर पेटीवर सापडतो. त्याच्या आसपासचे चार-पाच सूर त्याला आरामात लागतात, ते तपासून वहीत त्याच्या नावापुढे लिहून ठेवते. दर दोन महिन्यांनी हे पुन्हा बघावं लागतं. एका मुलाचा आवाज ऐन नाताळच्या सरावात बसला होता. मुख्य चाल त्याला वरही लागेना, खालीही लागेना, आणि तो मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत उभा राहायला लागला. त्याला मी ध्रुपदाखाली, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीखाली, फक्त सा आणि प असे दोन सूर दिले, लांब धरायचे, शब्दांशिवाय. आणखी दोघे त्याच्या शेजारी उभे केले. तिघांच्या त्या आधारावर मुलींचा सूर एकदम स्थिर झाला. बाकीच्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर तो ओठ हलवत उभा राहिला नाही.

मुलींकडेही दुर्लक्ष करू नका. या वयात त्यांचाही आवाज थोडा उतरतो आणि त्यात हवा मिसळल्यासारखी ऐकू येते, कारण स्वरतंतू मागच्या बाजूला पूर्ण मिटत नाहीत. ही वाढीचीच अवस्था आहे. ‘जोरात गा’ म्हणून ती जात नाही. जोर लावला की गळा आवळून गायची सवय तेवढी लागते. स्ट्रॉचा व्यायाम इथे खरंच कामाला येतो. अर्ध्या भरलेल्या पेल्यात स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचं आणि स्ट्रॉमधून सूर काढत बुडबुडे सोडायचे, आधी एकच सूर, मग खालून वर आणि वरून खाली घसरत. तोंडाकडे अडलेल्या हवेचा दाब स्वरतंतूंना हलकेच आधार देतो. मुलांना यात मजा वाटते, त्यामुळे लाजही मोडते. पाच मिनिटं पुरतात.

हजेरीचं. गावातली मुलं पेरणीच्या दिवसांत येणार नाहीत, कापणीच्या दिवसांत येणार नाहीत, परीक्षेत येणार नाहीत, आणि शेवटची गाडी चुकली तर वाडीवरची मुलं येणार नाहीत. हे बदलायला जाऊ नका. वर्षभर दर आठवड्याला सक्तीचा सराव ठेवण्यापेक्षा सहा-सहा आठवड्यांचे दोन भरगच्च टप्पे धरा, एक नाताळच्या आधी आणि एक ईस्टरच्या आधी. मधल्या काळात रविवारी उपासनेआधी अर्धा तास भेटलात तरी चालतं. ईस्टरची तारीख मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच बघून ठेवा. ती २२ मार्च ते २५ एप्रिल अशी कुठेही येते. २०२५ मध्ये २० एप्रिल होती. २०२७ मध्ये २८ मार्च आहे, म्हणजे नाताळ उरकल्यावर हाताशी जेमतेम तीन महिने, आणि त्यातच परीक्षा.

आणि आलेल्यांना न आलेल्यांबद्दल बोलू नका. पाच जण वेळेवर येऊन बसलेत आणि तुम्ही दहा मिनिटं ‘बाकीचे कुठे आहेत’ यात घालवलीत, तर पुढच्या वेळी ते पाचही उशिरा येतील. ठरलेल्या वेळेला दोघंच असली तरी सुरू करा, ठरलेल्या वेळेला संपवा. तुम्ही शिस्त म्हणता ती मुलांना बहुतांशी एवढ्यानेच लागते. माझा अनुभव असा की हजेरीपट, दंड, ‘तीन वेळा आला नाहीस तर नाताळला उभं राहायचं नाही’ असल्या नियमांनी आधी जातात ती लांबून चालत येणारी मुलं, आणि तीच बहुधा सर्वांत मनापासून गाणारी असतात.

प्रत्येक गाणं पाच जणांतही उभं राहील असंच बसवा. चार आवाजांची मांडणी घेतलीत आणि त्या दिवशी खालच्या आवाजाचे दोघेही आले नाहीत, तर गाणं कोसळतं. त्याऐवजी सगळ्यांना मुख्य चाल पक्की येऊ द्या. त्यावर ऐनवेळी चढवता येतील अशा गोष्टी हाताशी ठेवा: खाली धरलेला एक आधारसूर, ध्रुपदावर मुलींची वरची एक छोटी ओळ, किंवा एकामागून एक ओळ उचलण्याची पद्धत, म्हणजे कॅनन. कॅननमध्ये नवीन काही शिकावं लागत नाही. एकच चाल, दुसरा गट एक ओळ उशिरा सुरू करतो. चौदा आले तर तीन गट करा, सहा आले तर दोन, पाच आले तर सगळे एकत्र गा. फ्रान्समधल्या तेझे इथल्या ख्रिस्ती समुदायाची गाणी याच कारणाने जगभर पसरली. १९४० मध्ये सुरू झालेल्या या समुदायात वेगवेगळ्या देशांतले तरुण जमायला लागले, एकमेकांची भाषा न समजणारे. मग दोन-चार ओळींची, पुन्हा पुन्हा म्हणायची, कुणालाही मध्येच सामील होता येईल अशी गाणी तिथे रचली गेली. मंडळी मूळ ओळ धरते आणि क्वायर तिच्यावर रंग भरते. तुमच्यासारख्या क्वायरला हा साचा फार सोयीचा आहे.

किती गाणी? पहिल्या सहा महिन्यांत आठ. कमी वाटतात, पण १५२४ साली छापलेल्या पहिल्या लुथरन (मार्टिन लुथरच्या अनुयायांच्या) गीतसंग्रहातही आठच गाणी होती. आठपैकी पाच मंडळीला आधीपासून येणारी घ्या. ती नीट पट्टीत, नीट लयीत गायलात की ज्येष्ठांचा सूर लगेच बदलतो. उरलेली तीन नवी. नवं गाणं सलग तीन-चार रविवार घ्या, आणि पहिल्या रविवारी उपासना सुरू होण्याआधी दोन मिनिटं मंडळीकडून फक्त ध्रुपद म्हणवून घ्या. एकदा गायलेलं नवं गाणं दुसऱ्या आठवड्यात बदलून टाकायचं, या हौसेपायी मंडळीला काहीच येईनासं होतं. कोणता काळ चालू आहे तेही बघा. ज्या चर्चमध्ये प्रायश्चित्तकाळात (ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात) आलेलुया म्हणत नाहीत, तिथे ते यादीत चुकून राहायला नको. फादर किंवा पाळक यांच्याकडून महिन्याची शास्त्रवाचनं आधीच मागून घ्या. बऱ्याच चर्चमध्ये वाचनांचं तीन वर्षांचं चक्र ठरलेलं असतं, त्यामुळे ती आधी सांगणं त्यांनाही जड जात नाही. वाचनाशी जुळणारं गाणं निवडलंत तर प्रवचनात त्या ओळीचा उल्लेख होतो, आणि मुलांना वाटतं की आपण गायलेलं कुणीतरी ऐकलं.

नवं गाणं शिकवताना कागद आधी वाटू नका. कागद हातात आला की माना खाली जातात आणि कान बंद होतात. सराव सव्वा तासाचा असेल तर स्ट्रॉ झाल्याबरोबर, मुलं ताजी असताना नवं गाणं घ्या. मी आधी पूर्ण गाणं एकदा गाऊन दाखवते, शब्दांचा अर्थ दोन वाक्यांत सांगते, मग ध्रुपदाची पहिली ओळ. मी गाते, ती ऐकतात. मी पुन्हा गाते, ती मनातल्या मनात म्हणतात. मग तोंड मिटून गुणगुणतात. मग शब्दांसकट म्हणतात, आणि त्या वेळी मी गप्प असते. हे गप्प राहणं फार महत्त्वाचं. तुम्ही त्यांच्याबरोबर गात राहिलात तर ती तुमच्या आवाजावर रेलतात आणि चूक कुठे होतेय ते तुम्हाला ऐकूच येत नाही. अवघड जागा असेल तर तेवढाच तुकडा उचला, सबंध कडवं पुन्हा पुन्हा घोटू नका. लय चुकत असेल तर सूर बाजूला ठेवून शब्द नुसते तालात बोलवून घ्या. ध्रुपद आल्यावर शेवटचं कडवं शिकवा आणि पहिलं सगळ्यात शेवटी. नाहीतर सगळ्यांना पहिलं कडवं पाठ आणि तिसऱ्यात नुसतं ‘हं हं’ असं होतं.

गाता गाता सूर उतरतो, ही प्रत्येक क्वायरची तक्रार. थकवा, पोक काढून उभं राहणं, एकाच सुरावर बरेच शब्द असलेली ओळ, आणि वरून खाली उतरताना जरा जास्तच खाली येणं, ही त्याची नेहमीची कारणं. उतरत्या ओळी सावकाश, तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर सा-प लावून म्हणवून घ्या. तरी उतरत असेल तर पट्टी अर्धा सूर वर करून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो.

एखादा मुलगा किंवा मुलगी सरळ बेसूर असते. तिला काढू नका आणि ‘तू हळू म्हण’ असंही सांगू नका. बेसूर म्हणतात त्यातल्या बहुतेकांना सूर ऐकून स्वतःच्या गळ्यात शोधायची सवय कधी लागलेलीच नसते. आधी तिने कोणताही सूर काढावा आणि तुम्ही तुमचा आवाज तिच्या सुराला नेऊन मिळवावा. दोन आवाज जुळतात तेव्हा कसं वाटतं ते तिला कळू द्या. मग तिथून अर्धा-एक सूर हलून तिला तुमच्या मागे यायला सांगा. सरावात तिला पक्क्या सुराच्या दोघींच्या मध्ये उभी करा. काही आठवड्यांत फरक ऐकू येतो.

वाजवणारा नसेल तर घाबरून ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर, जाऊ नका. याबाबत माझं मत ठाम आहे. ट्रॅकची पट्टी, लय आणि कडव्यांची संख्या दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असते. प्रभुभोजनाची रांग लांबली तर ट्रॅक थांबत नाही, आणि मंडळी सावकाश गायला लागली तरी तो तिची वाट पाहत नाही. त्यापेक्षा तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर सूर धरून नुसत्या गळ्याने गा. छोट्या चर्चमध्ये मोकळे आवाज सुंदर भरतात. तोवर क्वायरमधल्याच दोघांना पेटी किंवा कीबोर्डवर तीन-चार कॉर्ड शिकायला लावा. दोघांना, एकाला नव्हे. माइकचंही तेच: खोली लहान असेल तर बंद ठेवा. स्पीकरमधून मोठा आवाज आला की मंडळीला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते माणूस म्हणायचं सोडतो.

एकट्याने गायच्या ओळीवरून गावात घरं दुरावलेली मी पाहिली आहेत. अमक्याच्या मुलीला दिली, तमक्याच्या मुलाला नाही. त्यामुळे मी एकट्याला ओळ देत नाही. दोघांना किंवा तिघांना मिळून देते आणि दर सणाला जोड्या बदलते. ज्येष्ठांना वर्षातून दोन-तीनदा क्वायरमध्येच उभं करा, आणि त्यांना येणारी, पुस्तकात कुठेच न सापडणारी एखादी जुनी चाल मुलांना त्यांच्याकडूनच शिकू द्या. त्यांच्या नातवंडांसमोर त्यांनी ती चाल सांगितली की कुरकुर आपोआप विरते.

मुलांच्या सुरक्षिततेची बाब मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाका. सरावाला कायम दोन मोठी माणसं हवीत. एका मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, तुम्हीही नाही. निरोप पालक असलेल्या गटातच टाकायचे, मुलांना परस्पर नाही. फोटो किंवा व्हिडिओ टाकण्याआधी घरच्यांची परवानगी घ्यायची. अंधार पडायच्या आत सराव संपवायचा, आणि कोण कुणाबरोबर घरी जाणार हे निघण्याआधी विचारायचं. आईवडिलांचा विश्वास बसला की कामाच्या दिवसांतही ते मुलांना पाठवतात. जाता जाता गाण्यांच्या हक्कांबद्दल: बर्न करारानुसार (लेखन-संगीताच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतात, बऱ्याच देशांत त्याहून जास्त, आणि जुन्या गीताच्या नव्या अनुवादाला वेगळा हक्क असू शकतो. छपाई करून वाटण्याआधी किंवा व्हिडिओ चढवण्याआधी तेवढं तपासा.

शेवटची गोष्ट आतापासूनच सुरू करा. तुमची सर्वांत तयार मुलं अठरा-वीसची झाली की शिक्षणाला, नोकरीला गाव सोडून जातील. म्हणून पंधरा-सोळाच्या दोघांना आत्ताच हाताशी घ्या. एकाने सुरुवातीचा सूर द्यायचा, दुसऱ्याने सरावाआधीचा स्ट्रॉचा व्यायाम घ्यायचा. महिन्यातून एका रविवारी एक गाणं पूर्ण त्यांच्यावर सोडून तुम्ही मंडळीत बसा आणि तिथून काय ऐकू येतं ते ऐका. आणि एक वही करा: प्रत्येक गाण्याची ठरलेली पट्टी, सुरुवातीचा सूर, किती कडवी घेतो, मंडळी कुठे अडखळते, आधारसूर कोणते. ती वही तुमच्या घरी ठेवू नका, पेटीशेजारीच राहू द्या, म्हणजे तुम्ही नसाल त्या रविवारीही कुणालातरी ती उघडून सूर देता येईल.